जिताड्याची वाट उघाडीपाशी अडते

नारळी पौर्णिमेच्या आगेमागे, भरतीच्या वेळी, रायगडमधल्या धरमतर खाडीकाठच्या एखाद्या उघाडीवर जाऊन बसावं. पाणी चढू लागलं की झडपेच्या बाहेरच्या अंगाला बारीक जीव गोळा होतात. कोळंबीची पिल्लं, बोयटांची पिल्लं आणि नशीब असेल तर बोटाच्या पेराएवढा जिताडा मासा, तपकिरी अंगाचा, डोक्यावर पांढरा पट्टा असलेला. सगळ्यांची तोंडं बांधाकडे. आत भाताची खाचरं आहेत, मचूळ पाणी आहे, किडे-अळ्यांचं मुबलक खाद्य आहे. मध्ये आहे ती फक्त एक फळी.

उघाडी म्हणजे खारबंदिस्तीच्या, खाडीचं खारं पाणी शेताबाहेर अडवणाऱ्या बांधातलं दार. बांधातून मोरी काढलेली असते आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून झडप टांगलेली असते. भरतीचं पाणी बाहेरून रेटा देतं, झडप गच्च बसते. ओहोटी लागली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी आतून ढकलतं, झडप उचलली जाते आणि पाणी खाडीत जातं. माणसाने हात लावायचीही गरज नाही. या साध्या युक्तीवर खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीच्या पट्ट्यातल्या, कितीतरी पिढ्यांनी खाऱ्या जमिनीत येणारं राता भात पिकवलं, आणि त्या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे. अडचण एवढीच, की माशाचं पिल्लू ज्या भरतीवर स्वार होऊन आत येतं, नेमकी त्याच भरतीला ही झडप मिटते.

जिताड्याचं आयुष्यच या ये-जा करण्यावर बेतलेलं आहे. पावसाळ्यात तो खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिल्लं उधाणाबरोबर कांदळवनात, खाजणात, पाणी भरलेल्या सखल जमिनीत शिरतात. तिथे पाणी उथळ असतं, मोठे शिकारी मासे सहसा पोचत नाहीत. अंग धरलं की काही जण नदीतून वर गोड्या पाण्यात जातात आणि वयात आल्यावर पुन्हा खाली उतरतात. आणखी एक गोष्ट म्हणजे जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. ताटात येणारा मोठा जिताडा बहुतेक वेळा मादीच असते. मोठे मासे आपण काढून नेतो आणि लहानग्यांचं पाळणाघर बंद ठेवतो, असा दुहेरी मार त्याला बसतो. अलिबाग-पेण भागातले लोक पिल्लं आणून दारातल्या तळ्यात वाढवतात. त्या पिल्लांना खाडीत वाढायला जागा राहिली नाही, तर तळ्यांसाठी आणायची कुठून?

बांधांचीही हालत चांगली नाही. पूर्वी गावकरी जोळ करून, म्हणजे एकत्र येऊन श्रमदानाने, बांध राखायचे. १९७९मध्ये खारजमीन विकास अधिनियम आला आणि बरीच जबाबदारी सरकारी योजनांकडे गेली. डागडुजी लांबली की उधाणात बांधाला खांड पडते आणि शेतात खारं पाणी शिरतं. चार-पाच वर्षांत तिथे तिवर, म्हणजे कांदळवनातलं झाड, उभी राहते. २००५च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने कांदळवन तोडायला बंदी केली, ती हवीच होती. पण सातबारा शेतकऱ्याचा आणि जमीन तिवरांची, अशी कोंडी झाली आहे. अशा जमिनीचा मोबदला शेतकऱ्याला मिळालाच पाहिजे, त्याशिवाय खाडी वाचवण्याची भाषा मला खोटी वाटते.

खांड पडली म्हणजे निसर्ग परतला, असंही नाही. एकाच भगदाडातून पाणी आत येतं, पण सखल कोपऱ्यातलं बाहेर पडत नाही. मे महिन्यात ते आटून मिठाचा खारा थर उरतो. तिवरीचं पान चाटून पाहिलं तर खारट लागतं, कारण जादा मीठ ती पानावाटे बाहेर टाकते. पण तिलाही सोसायची मर्यादा आहे. सतत पाण्यात बुडून राहिली तर चिखलातून वर आलेल्या तिच्या श्वसनमुळांना हवाच मिळत नाही.

म्हणून नुसती रोपं लावण्याच्या मोहिमांवर माझा फारसा भरवसा नाही. कांदळ, चिपी, तिवर ही झाडं भरती-ओहोटीच्या पट्ट्याच्या वरच्या भागात जगतात. खालच्या उघड्या चिखलात लावलेलं रोप दिवसाचे बरेच तास बुडून मरतं. फ्लोरिडातले रॉबिन लुईस हे शास्त्रज्ञ आयुष्यभर सांगत राहिले की आधी जमिनीची उंची आणि पाण्याची वाट नीट करा, बिया पाणीच आणून देईल. आपल्याकडे याचा अर्थ असा: खांड पडलेल्या खाजणात बुजलेले जुने ओहोळ पुन्हा मोकळे करायचे, म्हणजे ओहोटीला पाणी पुरतं निथळेल. निघालेला गाळ वरच्या कडेला टाकून तिथे करंज, उंडी, समुद्रफळ लावता येतील.

ऑस्ट्रेलियात केर्न्स शहराजवळ ईस्ट ट्रिनिटी इथे १९७०च्या दशकात उसासाठी खाडीला बांध घातला गेला. आतला चिखल सुकला. अशा चिखलात लोह आणि गंधकाचं संयुग असतं. पाण्याखाली ते निपचित पडून असतं, पण हवा लागली की त्यापासून गंधकाम्ल बनतं. ते पावसाबरोबर खाडीत उतरू लागलं आणि मासे मेले. २०००मध्ये सरकारने ती जमीन घेतली. नंतर बांधाची दारं बेताबेताने उघडत, पाण्यात चुना मिसळत भरती पुन्हा आत सोडली. कांदळवन परतलं, मासेही परतले. तिकडचा मानाचा मासा बारामुंडी, आणि बारामुंडी म्हणजेच आपला जिताडा. दोन्हींची जात एकच.

जिथे भात अजून पिकतं तिथे दार सताड उघडून चालणार नाही. पण झडपेतच एक छोटी खिडकी ठेवता येते. तिला तरंगणारा पिंप जोडलेला असतो. भरतीच्या सुरुवातीला खिडकी उघडी राहते, पाणी ठरावीक उंचीला पोचलं की पिंप वर उचलला जातो आणि ती मिटते. तेवढ्या वेळात पिल्लं आत येतात. खारं पाणी बांधालगतच्या चरातच थांबतं, खाचरात चढत नाही. ऑस्ट्रेलियात अशी दारं वापरात आहेत. आपल्या सुतारांना आणि वेल्डरना ते मुळीच जड नाही. भरतीची वेळ आणि पाण्याची उंची बांधावरच्या माणसाला तोंडपाठ असते, तेव्हा खिडकी किती उंचीवर मिटावी हे त्यालाच विचारून ठरवावं.