पगार नाही, पण बेरोजगारही नाही: अमेरिकी शटडाउन आणि भत्त्याचा वाद

अमेरिकेत बेरोजगारी विमा १९३५ च्या कायद्याने आला, तेव्हा केंद्र सरकारचे कर्मचारी त्यात नव्हते. त्यांच्यासाठी तरतूद झाली ती १९५४ मध्ये, आणि तीही अर्धी इकडे, अर्धी तिकडे: पैसा केंद्राचा, पात्रतेचे नियम आणि वाटप राज्यांचे. कर्मचारी राहतो कुठे याला महत्त्व नाही. कार्यालय ज्या राज्यात, तिथला बेरोजगारी भत्त्याचा दर. २०२५ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त ४४४ डॉलर मिळत होते, शेजारच्या मेरीलँडमध्ये ४३०. त्या भागातल्या घरभाड्यापुढे दोन्ही आकडे किरकोळच.

१९८० पर्यंत संसदेची खर्चाला मंजुरी नसल्याने निधी संपला तरी बहुतेक सरकारी खाती काम रेटत असत. त्या वर्षी सरकारच्या सर्वोच्च कायदा सल्लागाराने मत दिले की मंजुरी नसेल तर काम थांबवलेच पाहिजे; हेच शटडाउन. पुढच्याच वर्षी जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणापुरती सूट निघाली. तिथून कर्मचाऱ्यांचे दोन वर्ग पडले: सक्तीच्या रजेवर घरी बसलेले, आणि बिनपगारी कामावर येणारे. घरी बसलेल्यांना भत्त्यासाठी अर्ज करता येतो.

खरी ठिणगी पडली २०१८-१९ च्या ३५ दिवसांच्या शटडाउनमध्ये. सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचा पगार अडकला, आणि त्यातले निम्म्याहून अधिक रोज कामावर हजर होते. ११ जानेवारीला अनेक हवाई वाहतूक नियंत्रकांच्या हाती पगाराची चिठ्ठी आली, तीत निव्वळ रक्कम शून्य. केंद्राच्या कामगार खात्याची भूमिका अशी की ही माणसे पूर्णवेळ काम करतात, मग बेरोजगार कशी? कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी ती धुडकावली आणि आम्ही भत्ता देणार, असे जाहीर केले. कायद्याच्या अक्षराला धरून केंद्राचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण संपावर जायला बंदी, दुसरी नोकरी धरायची तर अनेक खात्यांत वरिष्ठांची परवानगी, आणि कामावर न आल्यास कारवाईची टांगती तलवार, अशा माणसाला ‘तुला नोकरी आहे’ म्हणून परत पाठवणे ही थट्टाच होती. (अर्जातला कागदी घोळ वेगळाच: पगाराचा दाखला देणारे कार्यालयच बंद, म्हणून जुन्या चिठ्ठ्या जोडून प्रतिज्ञापत्र द्यायचे.)

त्याच जानेवारीत, शटडाउन सुरू असतानाच, थकलेला पगार सर्वांना मिळेल असा कायदा झाला. त्यामुळे भत्ता म्हणजे एका अर्थी उसनवारी ठरली. पगार हाती आला की तेच आठवडे पगारी धरले जातात आणि राज्य वसुलीची नोटीस काढते. शिवाय बहुतेक राज्यांत पहिला आठवडा कोराच जातो, म्हणून छोट्या शटडाउनमध्ये अर्ज करण्याच्या फंदात पडू नका, असे जुने कर्मचारी नव्यांना सांगतात.

२०२५ मध्ये हा हिशेब डळमळला. १ ऑक्टोबरला सुरू झालेले शटडाउन ४३ दिवस चालले. मधेच सरकारच्या अर्थसंकल्प कार्यालयातून एक मसुदा बाहेर आला: २०१९ च्या कायद्याने घरी बसलेल्यांना पगार आपोआप मिळत नाही. भत्ता फेडायचा कशातून, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. १२ नोव्हेंबरच्या कायद्याने थकीत पगार दिला, आणि त्यामागोमाग वसुलीचा विषयही आला.