कुटुंबप्रीतीचे शिक्षण, ख्रिस्ती बालकांचे (ग्रामीण विदर्भ)

जन्मापासून साधारण तीन वर्षांपर्यंतच्या ख्रिस्ती मुलांना आईबाप, भावंडे आणि आजीआजोबा यांच्या मायेतून देवाच्या प्रीतीची ओळख करून देण्याची पद्धत. ती मुख्यतः घरात चालते. मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, रविवारची शाळा नंतर तिला जोड देते. घरी बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता मुलांना शिकवावे, असे बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात सांगितले आहे. मोरावियन (आजच्या चेकियातील) धर्मगुरू कोमेनियस (1592–1670) याने तर पहिल्या सहा वर्षांसाठी आईच्या मांडीवरचीच शाळा नेमून दिली होती.

विदर्भात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरास आले. पुढे अकोला-अमरावतीकडे अलायन्स या प्रॉटेस्टंट मिशनने, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट मिशनने काम उभारले. कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत 1955 चा. कॅथलिक घरांत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो, अलायन्स मंडळ्यांत समर्पण, म्हणजे बाळाला प्रार्थनेने देवाला वाहणे. विधी कोणताही असो, लेकराला विश्वासात वाढवू, असा शब्द आईबाप मंडळीसमोर देतात. या शिक्षणाची सुरुवात तिथपासून धरावी.

या वयात समजावून सांगण्याला फारसा अर्थ नसतो. तीच कृती, त्याच माणसांबरोबर, रोज होणे महत्त्वाचे. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच वावरात जाते आणि लेकरू आजीच्या ताब्यात राहते. आजी लुगड्याचा पदर तोंडावर घेऊन विचारते, “माय कुठी गेली?” आणि पदर काढून म्हणते, “हे आली माय!” आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला, दिसेनासे झालेले माणूस परत येते, हे अशाच खेळातून उमगू लागते. संध्याकाळी आई खरोखर आली, की आजी बाळाचे दोन्ही हात जोडून “प्रभू, माय आली” एवढीच प्रार्थना करते आणि “आमेन” म्हणते. पुष्कळ लेकरांना आईच्या नावाखालोखाल “आमेन” म्हणता येते ते यामुळेच.

दीड वर्षाच्या पुढे खेळ वाढतात. घरातले सगळे अंगणात फतकल मारून बसतात. ज्याचे नाव घेतले जाईल त्याच्याकडे लेकराने चेंडू ढकलायचा. बाबा शेतातून आले की पाण्याचा लहान गडवा त्यांच्या हाती द्यायचा, भाकरीचा पहिला तुकडा आजोबांना भरवायचा. बायबलमधील तान्ह्या मोशेला टोपल्यात घालून नदीकाठी लपवल्याची गोष्ट टोपल्यात बाहुली ठेवून सांगतात. थोरल्या बहिणीला मोशेची बहीण मिर्याम करून टोपल्यावर पहारा द्यायला बसवले, तर धाकट्याला गोष्टीचे मर्म पटकन पोचते. बाळ येशूला ठेवले त्या नाताळच्या गव्हाणीचे तर गावात काही समजावूनच सांगावे लागत नाही. गोठ्यात गव्हाण असते, तीत कुटार (भुसा) असते, आणि ते अंगाला टोचते हेही मुलाला ठाऊक असते. शहरातून येणाऱ्या छापील धड्यांतील रंगीत चित्रांपेक्षा हा धडा उजवा.

छापील धड्यांची दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. त्यांत घर म्हणजे हसतमुख आईबाप आणि दोन मुले. ज्या घरात बाप कामासाठी परगावी असतो, दारू पितो किंवा कर्जापायी जीव देऊन गेलेला असतो, तिथे “देव आपला बाप” हे वाक्य लेकराच्या अनुभवात बसत नाही. अशा वेळी रविवारच्या शाळेतील समजूतदार शिक्षिका बायबलमधील यशया 66:13 या वचनाकडे वळतात. तिथे देव आईसारखे सांत्वन करतो. खेळात मग बाबांच्या जागी मामा किंवा आजी येतात, आणि ते योग्यच आहे. मुलाला ‘तुझे बाबा कुठे?’ असे वर्गात सर्वांसमोर विचारणे टाळावे.

दोन वर्षांचे मूल खेळणे वाटून घेत नाही, तो हट्ट पाप म्हणून दटावण्याजोगा नसतो. वाटणे त्याला पुढे जमते. एक खेळ पाच-सात मिनिटांपलीकडे ताणू नये. सरकी, तुरीचे दाणे, मणी अशा वस्तू तोंडात किंवा नाकात जाण्याचा धोका असल्याने तीन वर्षांखालील मुलांच्या खेळात वापरत नाहीत. हाताचे ठसे घ्यायचे तर हळद पुरते. रासायनिक रंगाची गरज पडत नाही.