बॉर्डरलाइन असलेल्या जोडीदाराच्या गोळ्या

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना, राग आणि नाती सतत टोकाला जाणारा मानसिक आजार) असलेल्या जोडीदाराला घेऊन बेळगाव, खानापूर, निपाणीकडची माणसं आधी धारवाडचं डिमहान्स हे सरकारी मानसोपचार रुग्णालय गाठतात, मग कुणीतरी सुचवलं म्हणून कोल्हापूर किंवा मिरज. दोन्हीकडच्या चिठ्ठ्या चालू राहतात आणि एकच औषध दोन ब्रँडच्या नावांनी पोटात जातं. म्हणून स्ट्रिपवर बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम वहीत उतरवा, आणि औषधं एकाच डॉक्टरांकडे ठेवा.

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरसाठी म्हणून अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या संस्थेनं एकही औषध मंजूर केलेलं नाही. चिठ्ठीवरच्या गोळ्या असतात त्या सोबतच्या नैराश्यासाठी, चिंतेसाठी, कधी टोकाच्या संतापासाठी. त्यामुळे प्रत्येक गोळीपुढे ‘कशासाठी, किती दिवस’ हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावं. एस्सिटालोप्राम, फ्लुऑक्सेटीन या नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. भांडण पेटलं की ‘आधी गोळी घे’ म्हणण्यात काही अर्थ नाही, उलट गोळीवरच राग बसतो. चिंतेवरचं अल्प्राझोलाम लगेच शांत करतं खरं, पण या आजारात काहींचा स्वतःवरचा ताबा त्यानं आणखी सुटतो आणि सवयही लागते. रोज चालू असेल तर ते एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते.

लॅमोट्रिजिन हे फिटवरचं आणि मूड स्थिर ठेवण्यासाठीचं औषध अजूनही बऱ्याच चिठ्ठ्यांवर दिसतं. ब्रिटनमध्ये 276 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष 2018) वर्षभरानंतर ते आणि औषध नसलेली गोळी यांत फरक दिसला नाही. तरी चालू असेल तर शिस्त कडक हवी: सहसा पहिले दोन आठवडे रोज 25 मिलिग्रॅम, पुढचे दोन 50, मग हळूहळू वर. सोबत व्हॅल्प्रोएट (त्याच प्रकारचं दुसरं औषध) असेल तर सुरुवात याच्या निम्म्यानं. घाईनं डोस चढवला तर अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका वाढतो. पुरळासोबत ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल दिसले तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाच दिवसांहून जास्त खंड पडला तर जुन्या डोसवर थेट जायचं नाही. डॉक्टर बहुधा पुन्हा खालून चढवतात. पाळणा लांबवण्याच्या इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी रक्तातलं लॅमोट्रिजिन जवळपास निम्मं होतं, हे डॉक्टरांना सांगायचं बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. व्हॅल्प्रोएटवर असताना दिवस राहिले तर दहातल्या साधारण एका बाळात जन्मजात दोष आढळतो. मूल होऊ शकणाऱ्या वयात ते शक्यतो टाळतात.

धारवाड लांब पडतं म्हणून लोक तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मागतात. स्वतःला इजा करण्याचा इतिहास असेल तर हा साठा घरात नको. आठवड्यापुरत्याच बाहेर, बाकी कुलपात किंवा दुसऱ्या घरी. घरात उरलेली अमिट्रिप्टिलीन (नैराश्यावरचं जुनं औषध) आणि पॅरासिटामॉलसुद्धा. हे जोडीदाराला सांगून, त्याच्या संमतीनं करावं, नाहीतर कुलूपच भांडणाचं कारण होतं. जास्त गोळ्या घेतल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, झोपेतून उठण्याची वाट पाहू नका. रिकाम्या स्ट्रिप सोबत घेऊन 108 च्या रुग्णवाहिकेनं निघा. मन बोलून मोकळं करायला टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहे, तिथं भाषा निवडता येते.

खरा फरक पडतो तो डीबीटीसारख्या (भावना आवरायची कौशल्यं शिकवणाऱ्या) बोलून करायच्या मानसोपचारानं, आणि इथं भाषा आडवी येते. कानडी डॉक्टरांना झोप, भूक, डोस हे नवऱ्यानं किंवा बायकोनं समजावलं तरी भागतं. मानसोपचारात मात्र निम्मी तक्रार दुभाषी झालेल्या त्या जोडीदाराबद्दलचीच असते. त्यासाठी मराठी बोलणारा मानसोपचारतज्ज्ञ कोल्हापूर-सांगलीकडचा निघाला तरी चालेल, व्हिडिओवरही चालेल. गोळ्यांची चिठ्ठी तेवढी एकाच ठिकाणची असू द्या.