युद्धकैद्यांचा छळ आणि लष्करी उत्तरदायित्व

शस्त्र खाली ठेवून शत्रूच्या हाती सापडलेल्या सैनिकाला मारहाण, उपासमार, यातना किंवा विटंबना सोसावी लागली अथवा त्याची हत्या झाली, तर त्याचा जाब कोणाला आणि किती वरपर्यंत विचारायचा, हे ठरवणारे नियम व त्यांवर आधारलेला न्यायव्यवहार. प्रत्यक्ष हात उगारणारा शिपाई दोषी असतो, याबद्दल कायद्यात फारसा वाद नाही. वाद असतो तो त्याच्या वरच्यांविषयी: ज्याने हुकूम दिला, ज्याने पाहून कानाडोळा केला आणि ज्याला कळायला हवे होते पण ज्याने कळून घेतलेच नाही.

या साऱ्याचा पाया १८९९ व १९०७ च्या हेग नियमांतील चौथ्या कलमात आहे. युद्धकैदी हे शत्रुराष्ट्राच्या सरकारच्या ताब्यात असतात, त्यांना पकडणाऱ्या व्यक्तींच्या किंवा तुकड्यांच्या नव्हे, असे ते कलम सांगते. ज्याने पकडला त्याचा कैदी, मग त्याने खंडणी घ्यावी, गुलाम करावे की सूड उगवावा हे त्याच्या मर्जीवर, ही जुन्या युद्धांतली रीत या एका वाक्याने कायद्यातून बाद केली. कैदी राज्याचा, म्हणून त्याच्या पाठीवरच्या प्रत्येक वळाचा हिशेबही राज्याने द्यायचा.

त्याआधी अमेरिकी यादवी युद्धात, १८६३ मध्ये, केंद्र सरकारच्या सैन्यासाठी काढलेल्या लीबर संहितेने कबुलीजबाबासाठी यातना देण्यास मनाई केली होती. त्याच युद्धात दक्षिणेकडील राज्यांनी जॉर्जियात अँडरसनव्हिल येथे उभारलेल्या छावणीत सुमारे ४५,००० कैद्यांपैकी जवळजवळ १३,००० जण भूक, घाण पाणी आणि रोगराई यांनी मेले. छावणीचा प्रमुख हेन्री विर्झ याला लष्करी आयोगाने दोषी ठरवले आणि १० नोव्हेंबर १८६५ रोजी फाशी दिली. पहिल्या महायुद्धानंतर मात्र जेत्यांनी आरोपींचे खटले जर्मनीच्याच न्यायालयाकडे सोपवले. १९२१ मध्ये लाइपझिग येथे ब्रिटिश कैद्यांना मारझोड केल्याबद्दल छावण्यांवरचे काही जण दोषी ठरले, पण शिक्षा झाल्या त्या सहा ते दहा महिन्यांच्या. आपल्याच सैन्याचा न्याय आपणच करायचा म्हटले की हात कसा आखडतो, याचा हा पहिला ठळक दाखला.

दुसऱ्या महायुद्धाने हा प्रश्न लाखांच्या संख्येत नेला. जर्मनीच्या कैदेत पडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएट सैनिकांपैकी ३० लाखांहून अधिक जण मेले. हे केवळ पहारेकऱ्यांच्या क्रौर्याने घडले नव्हते. पकडलेल्या राजकीय अधिकाऱ्यांना गोळ्या घालण्याचा हुकूम जून १९४१ मध्ये सर्वोच्च लष्करी कार्यालयातूनच निघाला होता. टोकियोच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने तर आकडेच समोर ठेवले: जर्मनी व इटली यांच्या कैदेतील अमेरिकी व ब्रिटिश राष्ट्रकुलातील सैनिकांपैकी ४ टक्के दगावले, जपानच्या कैदेतील २७ टक्के. एवढी तफावत एखाददुसऱ्या क्रूर पहारेकऱ्यामुळे पडत नाही. म्हणून टोकियोच्या आरोपपत्रात स्वतंत्र आरोप होता तो कैद्यांच्या संरक्षणाचे कर्तव्य जाणूनबुजून व बेपर्वाईने टाळल्याचा.

मनिला येथे चाललेल्या जपानी जनरल यामाशिता याच्या खटल्यातून 'आदेशदायित्व' ही कल्पना पुढे आली. फिलिपिन्समधील त्याच्या सैन्याने नागरिकांवर आणि कैद्यांवर अत्याचार केले होते. त्याने स्वतः ते घडवून आणल्याचा आरोप नव्हता. सैन्याला आवर घालण्याचे कर्तव्य त्याने पाळले नाही, असा होता. संपर्कयंत्रणा तुटली होती, आपल्याला काही कळतच नव्हते, हा त्याचा बचाव टिकला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला, पण मर्फी आणि रटलेज या दोन न्यायमूर्तींनी तीव्र भिन्नमत नोंदवले. २३ फेब्रुवारी १९४६ रोजी त्याला फाशी झाली. माहिती नसलेल्या सेनापतीलाही देहान्त शासन द्यावे का, हा त्या भिन्नमतांमागचा आक्षेप आजही वजनदार आहे. पुढचा कायदा घडला तो त्याला उत्तर शोधतच.

त्या तुलनेत जेत्यांच्या स्वतःच्या गुन्ह्यांची दखल फार सौम्यपणे घेतली गेली. १४ जुलै १९४३ रोजी सिसिलीत बिस्कारीजवळ अमेरिकी सैनिकांनी दोन वेगवेगळ्या प्रसंगी मिळून ७० हून अधिक इटालियन व जर्मन कैदी ठार केले. एका प्रसंगात आरोपी सार्जंट होता, दुसऱ्यात कॅप्टन. दोघांनीही आपल्या सेनापतीच्या भाषणाचा आधार घेतला. सार्जंटला जन्मठेप झाली, कॅप्टन निर्दोष सुटला. सार्जंटची शिक्षाही साधारण वर्षभरातच स्थगित करून त्याला पुन्हा सैन्यात घेतले. एकच दिवस, एकच गुन्हा, एकच बचाव. निकाल मात्र हुद्द्यानुसार दोन. या विषयातले पुढचे बरेच काही बिस्कारीच्या या दोन निकालांत आधीच दिसते.

१९४९ च्या तिसऱ्या जिनीव्हा कराराने युद्धकैद्यांविषयीचा कायदा तपशीलवार बांधला. चौकशीत कैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक आहे. त्यापलीकडची माहिती काढण्यासाठी शारीरिक वा मानसिक यातना देता येत नाहीत. तेराव्या कलमाने कैद्यांना हिंसा, अपमान आणि लोकांच्या बघेपणापासून संरक्षण दिले. हेतुपुरस्सर हत्या, यातना व अमानुष वागणूक यांना 'गंभीर उल्लंघन' ठरवून अशा आरोपींना शोधण्याचे आणि न्यायालयासमोर उभे करण्याचे बंधन प्रत्येक सदस्य राष्ट्रावर घातले. आरोपी कोणत्या देशाचा हे तेथे गौण आहे.

या करारातील साध्या वाटणाऱ्या प्रशासकीय कलमांकडे वाचकांचे सहसा लक्ष जात नाही, पण उत्तरदायित्वाची खरी यंत्रणा तीच आहे. प्रत्येक छावणी नियमित सैन्यातील कमिशनप्राप्त अधिकाऱ्याच्याच ताब्यात हवी, म्हणजे जाब विचारायला एक ठरावीक माणूस असतो. पकडल्याबरोबर किंवा फार तर छावणीत आल्यापासून आठवड्याभरात कैद्याला घरी व केंद्रीय युद्धकैदी संस्थेला कार्ड पाठवता आले पाहिजे, म्हणजे तो कागदावर येतो आणि गुपचूप नाहीसा करता येत नाही. कराराचा मजकूर कैद्यांच्या भाषेत, सर्वांना वाचता येईल अशा जागी लावावा लागतो. रेड क्रॉसच्या प्रतिनिधींना कैद्यांशी साक्षीदारांविना बोलता आले पाहिजे. आणि पहारेकऱ्याच्या हातून कैद्याचा मृत्यू झाला किंवा तो गंभीर जखमी झाला, किंवा तसा संशय जरी असला, तरी ताबडतोब अधिकृत चौकशी व्हायला हवी. छळ सुरू होण्याआधी बहुधा यांपैकीच एखादी गोष्ट बंद पडलेली असते.

वरिष्ठाला दोषी केव्हा धरायचे, याचे निकष माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने बोस्नियातील चेलेबिची छावणीच्या खटल्यात (१९९८) स्पष्ट केले. गुन्हेगारावर त्याचा प्रत्यक्ष ताबा असावा, त्याला गुन्ह्याची माहिती असावी किंवा माहिती करून घेण्यास पुरेसे कारण असावे, आणि तरीही त्याने तो रोखण्यासाठी वा शिक्षा करण्यासाठी आवश्यक ते केलेले नसावे. हे तिन्ही निकष सिद्ध झाल्याने छावणीचा प्रमुख दोषी ठरला. तसा ताबा सिद्ध न झाल्याने दुसरा आरोपी सुटला. यामाशिता खटल्यातील संदिग्धता येथे बरीच दूर झाली. तरी शिक्षा पाहिल्या, तर पहारेकऱ्याला १५ वर्षे आणि प्रमुखाला ७ वर्षे, जी फेरसुनावणीनंतर ९ झाली. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणाऱ्या आणि २००२ मध्ये लागू झालेल्या रोम संविधीच्या २८ व्या कलमाने सेनाधिकाऱ्यांसाठी निकष आणखी कडक केला: परिस्थिती पाहता त्याला 'कळायलाच हवे होते' एवढे पुरेसे आहे. मात्र अमेरिका, रशिया, चीन आणि भारत या संविधीत सामील नाहीत.

उत्तरदायित्व टाळण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे कैद्याला कैदीच न म्हणणे. अल्जीरियातील युद्धाला फ्रान्सने 'युद्ध' म्हणणे नाकारले आणि १९६२ मध्ये सार्वत्रिक माफी देऊन यातनांचे खटले कायमचे बंद केले. शिक्षा झाली ती उलट दुसऱ्याच माणसाला. यातनांना विरोध करून १९५७ मध्ये पदमुक्ती मागणारे जनरल द बोलार्दिएर यांनी आपले म्हणणे जाहीर केले, म्हणून त्यांना ६० दिवस किल्ल्यात डांबले गेले. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी तालिबान व अल-कायदाच्या कैद्यांना युद्धकैद्यांचा दर्जा नाकारला. सर्व जिनीव्हा करारांतील समान तिसरे कलम, म्हणजे किमान माणुसकीचा नियम, त्यांनाही लागू होतो हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत २००६ उजाडले.

मधल्या काळात इराकमध्ये अमेरिकी सैन्याच्या ताब्यातील अबू घरेब तुरुंगातल्या कैद्यांच्या छळाची छायाचित्रे एप्रिल २००४ मध्ये जगासमोर आली. अकरा सैनिक दोषी ठरले. सर्वांत मोठी शिक्षा १० वर्षांची होती. तुरुंगाची जबाबदारी असलेल्या महिला ब्रिगेडियर जनरलना कर्नलपदी उतरवले गेले. खटला चालला तो एकाच अधिकाऱ्यावर; छळाच्या आरोपांतून तो सुटला आणि उरलेला हुकूमभंगाचा ठपकाही नंतर पुसला गेला. बसरा येथे सप्टेंबर २००३ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या कोठडीत बहा मूसा या हॉटेल कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला. अंगावर ९३ जखमा होत्या. सात जणांवर लष्करी न्यायालयात खटला चालला, शिक्षा झाली ती गुन्हा कबूल करणाऱ्या एका कॉर्पोरलला, एक वर्षाची. डोक्यावर टोपडे चढवून चौकशी करण्यास ब्रिटनने १९७२ मध्येच बंदी घातली होती. ती बंदी सैन्याच्या स्मरणातून गेली होती, हे २०११ च्या सार्वजनिक चौकशीने उघड केले आणि संरक्षण मंत्रालयाला दोष दिला. ऑस्ट्रेलियात २०२० च्या ब्रेरेटन अहवालाने अफगाणिस्तानात ३९ जणांच्या बेकायदा हत्या झाल्याची विश्वसनीय माहिती असल्याचे नोंदवले. नव्या सैनिकाचा 'पहिला बळी' व्हावा म्हणून त्याला ताब्यातील माणसाला गोळी घालायला लावले जाई, असेही त्यात आहे. वरच्या अधिकाऱ्यांकडे मात्र नैतिक जबाबदारीच दिली गेली, फौजदारी नव्हे.

चौकशीचे काम खासगी कंपन्यांकडे जाऊ लागल्यापासून लष्करी न्यायालयाचा हात आणखी तोकडा पडतो, कारण हे लोक सैनिक नसतात. अबू घरेबमध्ये चौकशीसाठी माणसे पुरवणाऱ्या कंपनीविरुद्ध तीन इराकी माणसे वर्षानुवर्षे अमेरिकी न्यायालयात लढत राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हर्जिनियातील ज्युरीने त्यांना एकूण ४ कोटी २० लाख डॉलर भरपाई ठरवली. छायाचित्रे प्रसिद्ध होऊन तेव्हा वीस वर्षे उलटली होती.