पार्श्वभूमी : पोटनिवडणूक आणि ‘उर्वरित मुदती’चा घोळ

आमदार-खासदाराची जागा मध्येच रिकामी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी, ही अट लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६च्या दुरुस्तीने कलम १५१-अ म्हणून आली. सांगली-साताऱ्यात २०१५पासून ती बऱ्यापैकी पाळली गेली. फेब्रुवारी २०१५मध्ये आमदाराच्या निधनाने रिकामी झालेल्या तासगाव-कवठेमहांकाळमध्ये ११ एप्रिललाच मतदान झाले. पलूस-कडेगावची जागा मार्च २०१८मध्ये रिकामी झाली आणि मे महिन्यात बिनविरोध भरली, त्यामुळे तिथे मतदाराच्या बोटाला शाई लागलीच नाही. साताऱ्याच्या खासदाराने निवडून आल्यावर चार महिन्यांच्या आत, सप्टेंबर २०१९मध्ये राजीनामा दिला, तेव्हा २१ ऑक्टोबरला विधानसभेबरोबरच लोकसभेचेही मतदान झाले आणि मतदाराने एकाच केंद्रात दोन यंत्रांवर दोन बटणे दाबली.

खरा वाद याच कलमातील अपवादाचा आहे. सदस्याची उर्वरित मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल, तर सहा महिन्यांची अट लागू होत नाही. पण ही मुदत जागा रिकामी झाल्याच्या दिवसापासून मोजायची की नवा सदस्य निवडून येईल त्या दिवसापासून? अकोला पश्चिमची जागा ३ नोव्हेंबर २०२३ रोजी रिकामी झाली, तेव्हा विधानसभेची मुदत संपायला एक वर्ष आणि तेवीस दिवस बाकी होते. निवडणूक आयोगाने २६ एप्रिल २०२४ ही मतदानाची तारीख जाहीर केली. मात्र नव्या आमदाराला वर्षभरही मिळणार नाही, या कारणावरून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पोटनिवडणूक रद्द केली. पुण्यात उलटे घडले. मार्च २०२३मध्ये रिकामी झालेल्या लोकसभेच्या जागेसाठी आयोग निवडणूक घेत नव्हता, म्हणून उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये ती घेण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४मध्ये त्याला स्थगिती दिली. जागा रिकामी झाल्याची तारीख कोणाला पुढे ढकलता येत नाही, म्हणून मोजणी तिथूनच व्हावी. निवडीच्या दिवसापासून मोजल्यास जितका उशीर होईल तितकी मुदत घटते आणि तोच उशीर निवडणूक टाळण्याचे कारण ठरतो.

सांगली जिल्ह्यातील खानापूरची जागा ३१ जानेवारी २०२४ रोजी आमदाराच्या निधनाने रिकामी झाली. तिथे मुदत कशीही मोजली तरी वर्षापेक्षा कमीच भरत होती, त्यामुळे पोटनिवडणूक झाली नाही. टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याच्या आवर्तनासाठी, टँकरसाठी किंवा गावच्या रस्त्यासाठी आमदाराचे पत्र हवे असलेल्या याच मतदारसंघातल्या विटा-आटपाडीच्या माणसाला २० नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत आपला आमदारच नव्हता.