पुडीतला ल्यूडो: थोडी पार्श्वभूमी

पाच रुपयांच्या बॉबीच्या पुडीत निघणारा ल्यूडो जेमतेम तळहाताएवढा. मागच्या बाजूला सापशिडी, तिच्यातले आकडे इतके बारीक की सोंगटी अंदाजानेच सरकवायची. खेळ आपलेच. पच्चिसीवरून बेतलेल्या ल्यूडोचं पेटंट इंग्लंडात 1896 मध्ये घेतलं गेलं, आणि सापशिडीचा पूर्वज मोक्षपट परंपरेने ज्ञानदेवांच्या नावावर आहे. ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे.

खाऊच्या खोक्यात बक्षीस टाकण्याची चाल रुळवली ती अमेरिकेत, 'क्रॅकर जॅक' या पाकातल्या मक्याच्या लाह्या-शेंगदाण्यांनी. 1910 मध्ये कूपन, 1912 पासून थेट खोक्यात वस्तू. दुसऱ्या महायुद्धात धातू मिळेना, म्हणून कागदी बक्षिसं आली, पुढे प्लॅस्टिक. पटाच्या खेळाला खरं तर कागदच मानवतो. पट घशात अडकण्याची भीती कमी. भीती असते ती फाशाची आणि सोंगट्यांची.

खरा वाद 1938 च्या अमेरिकी अन्न कायद्यातल्या एका कलमाचा. मिठाईच्या आत न खाण्याजोगी वस्तू रुतवून विकायला त्यात मनाई आहे. खोक्यात लाह्यांशेजारी पडलेलं खेळणं चालतं, पण चॉकलेटच्या पोकळ अंड्यात बंद केलेलं चालत नाही! त्यामुळे 1974 मध्ये इटलीत निघालेलं 'किंडर सरप्राइज' अमेरिकेत आजही विकता येत नाही. दोन वाट्यांचं 'किंडर जॉय', जे आपल्याकडे बारामतीत बनतं, ते मात्र 2018 मध्ये अमेरिकेत पोचलं, कारण त्यात खाऊ एका वाटीत आणि खेळणं दुसरीत. पोरगं काय गिळेल, यापेक्षा वस्तू कुठे ठेवली यावर हे कलम अडून बसतं, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

2016 मध्ये 'क्रॅकर जॅक'ने वस्तूच काढून क्यूआर कोडचा स्टिकर घातला. ज्याच्याकडे फोन नाही त्या मुलाने त्याचं करायचं काय?

आपल्याकडे हा प्रश्न पेटला तो 2017 मध्ये. आंध्रातल्या एलुरूत पुडीतलं प्लॅस्टिकचं खेळणं घशात अडकून एक लहान मूल दगावलं आणि बंदीची मागणी झाली. सुट्ट्या पुड्यांच्या धंद्यात खेळणं बहुतेक वेळा खाऊतच लोळत असतं, तेलामसाल्याने माखलेलं. निदान ते वेगळ्या पाकिटात घाला, एवढं तरी व्हायला हवं. आणि पट द्यायचाच तर फाशाऐवजी पुठ्ठ्याची फिरकी द्यायला काय हरकत आहे?