पार्श्वभूमी : अलार्म गप्प का आहे?

गॅस डिटेक्टर शांत असण्याचे दोन अर्थ निघतात. एक तर गॅस नाही, नाहीतर डिटेक्टरच मेला आहे. पॅनेलवर लाल दिव्याच्या शेजारी ‘फॉल्ट’चा पिवळा दिवा आला तो या दोन अर्थांची फारकत करायला.

युक्ती जुनीच. रेल्वेच्या ट्रॅक सर्किटमध्ये १८७२ पासून रुळांतून वीज सतत खेळती ठेवली गेली. तार तुटली तरी रिले (विजेच्या जोरावर धरून ठेवलेला स्विच) पडतो आणि सिग्नल धोक्याचा होतो. आगीच्या पॅनेलमध्ये हेच काम लाइनच्या टोकाला बसणारा रेझिस्टर करतो; त्याच्यातून थोडी वीज सतत वाहते आणि ती थांबली की तार तुटल्याचे पॅनेलला कळते. तो शेवटच्या डिटेक्टरच्या बेसमध्येच हवा. सोय म्हणून कोणी तो पॅनेलच्या टर्मिनललाच लावून टाकला, की पॅनेल खूश आणि बाहेरची सगळी वायरिंग बेवारस! पुढे मोजलेला आकडा तारेवरून पाठवायला ४ ते २० मिलिअँपिअर विजेचा सिग्नल रुळला, आणि तो ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेला तर ट्रान्समीटर (तो पाठवणारे उपकरण) बिघडला, असा संकेतही ठरला.

खरा वाद मात्र आकडेमोडीतून पेटला. सुरक्षेसाठीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचे ६१५०८ क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक १९९८ ते २००० दरम्यान भागाभागांनी आले. त्याने बिघाड धोकादायक (गरजेला यंत्रणा चालणारच नाही असा) की सुरक्षित, आणि डायग्नोस्टिक्सला, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या तपासणीला, सापडणारा की न सापडणारा, अशी विभागणी केली. सुरक्षित आणि सापडणारे धोकादायक यांची बेरीज भागिले एकूण बिघाड, हे झाले ‘सेफ फेल्युअर फ्रॅक्शन’. उपकरण कोणत्या सिल पातळीला (सुरक्षेच्या भरवशाची १ ते ४ अशी श्रेणी) चालेल, याची मर्यादा या टक्क्यावर ठरू लागली.

घोळ ‘सेफ’ या शब्दात होता. ज्या बिघाडाने काहीच फरक पडत नाही, तोही सुरक्षितांत धरला जाई. समजा, ठरावीक काळात १००० बिघाड अपेक्षित आहेत. त्यातले २०० धोकादायक आणि न सापडणारे, १०० धोकादायक पण सापडणारे, १०० खरोखर सुरक्षित आणि ६०० निरुपद्रवी. जुन्या हिशेबाने ८०० भागिले १०००, म्हणजे ८० टक्के. मायक्रोप्रोसेसरवर चालणाऱ्या उपकरणाला एकट्याने, म्हणजे जोडीला दुसरे नसताना, सिल-१ साठी एवढे पुरते. २०१० च्या दुसऱ्या आवृत्तीने निरुपद्रवी बिघाड हिशेबातूनच काढले. आता २०० भागिले ४००, म्हणजे ५० टक्के. ६० च्या किमान मर्यादेखाली गेल्यामुळे तेच उपकरण या टक्क्याच्या वाटेने एकटे चालत नाही. यंत्रातला एक स्क्रूही बदललेला नाही. उत्पादकांनी कुरकुर केली, पण जुन्या सूत्रात बिनकामाचे भाग वाढवूनही टक्का चढत होता, हे नाकारणे अवघडच होते. त्याच आवृत्तीने वापरातल्या अनुभवाच्या आकड्यांवर आधारलेली दुसरी वाटही खुली केली.

अलार्मच्या बाबतीत हा शब्द आणखी फसवा आहे. विनाकारण वाजणे हा हिशेबात सुरक्षित बिघाड. पण रात्रपाळीत तीनदा उगाच वाजलेला अलार्म चौथ्यांदा बघायला न जाताच म्यूट होतो. आणि ‘सापडलेला’ बिघाड म्हणजे तरी काय? पिवळा दिवा लागला एवढेच; त्यावर चिकटपट्टी लावली असेल तर तो टक्का कागदावरच.

डिसेंबर २००५ मध्ये इंग्लंडमधल्या बन्सफील्ड इंधनसाठ्यात पेट्रोलची टाकी भरत असताना पहाटे तीनच्या सुमारास लेव्हल गेजचा (टाकीतली पातळी दाखवणाऱ्या यंत्राचा) आकडा एका जागी अडकला. सिग्नल रेंजमध्येच होता, तक्रार कशाची येणार? शेवटचा आधार स्वतंत्र हाय लेव्हल स्विचचा, म्हणजे टाकी फार भरली की भरणे थांबवणाऱ्या स्विचचा. त्याच्या टेस्ट लिव्हरला कामाच्या स्थितीत धरून ठेवणारे छोटे कुलूप लागे. ते फक्त छेडछाड रोखण्यासाठी आहे असे समजून बसवलेच नव्हते. स्विच निकामी राहिला, टाकी ओसंडली आणि सहाच्या सुमारास स्फोट झाला. पंप चालू असताना लेव्हल हलत का नाही, हा प्रश्न सॉफ्टवेअरनेच विचारावा, या मागणीला त्यानंतर जोर आला.

आजचे इन्फ्रारेड डिटेक्टर काच मळली की स्वतः सांगतात. ज्वलनशील वायूंसाठी अजूनही सर्रास वापरल्या जाणाऱ्या पेलिस्टरला (तापलेल्या मण्यावर वायू जाळून तो ओळखणाऱ्या सेन्सरला) ते जमत नाही. सिलिकोनच्या वाफेने मणी निकामी झाला तरी तो निवांत ४ मिलिअँपिअर, म्हणजे ‘गॅस नाही’ हाच सिग्नल, देत राहतो, आणि म्हणून सिलिंडरमधला खरा टेस्ट गॅस त्याच्यावर सोडून पाहावा लागतो.